पाहणीपत्रक

मी पोटासाठी काय करतो, हे आमच्या आत्याला समजावून सांगणे मला आजवर जमलेले नाही. डॉक्टर औषध देतो, वकील भांडतो, मास्तर शिकवतो. या मंडळींचे धंदे एकेका क्रियापदात बसतात. माझा बसत नाही. "तो कॉम्प्युटरात असतो," एवढ्यावर आत्या समाधान मानते आणि शेजारणीला सांगताना 'मोठ्या पगारावर' हे दोन शब्द पदरचे घालते. क्रियापदच हवे असेल तर मला एक सुचते: मी मोजतो. ढगात ठिकठिकाणी द्वारपाल उभे केलेले आहेत, त्यांची मी शिरगणती करतो. हे वाक्य आत्यापुढे उच्चारले तर ती माझी दृष्ट काढील. म्हणून ते मी दिवाळी अंकाच्या वाचकांसाठी राखून ठेवले आहे.

ढग म्हटल्यावर बोरीच्या माणसाने आभाळाकडे पाहावे, हे स्वाभाविकच आहे. आमचे बोरी परभणी जिल्ह्यातले, जिंतूर तालुक्यातले. परभणीहून जिंतूरला जाणाऱ्या रस्त्यावरचे. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर आणि मागून रब्बीची ज्वारी. इथे ढगाला एकच अर्थ आहे आणि तो जून महिन्यात सगळ्यांना पाठ असतो. माझा ढग मात्र जमिनीवर असतो. एखादी बडी कंपनी अवाढव्य इमारती बांधते, त्यांत हजारो संगणक कपाटांसारखे रचते, आणि ज्याला हवे त्याला ते तासाच्या भाड्याने देते. याचे नाव क्लाउड. मायक्रोसॉफ्टने आपली अशी केंद्रे २०१५ साली पुण्याला, मुंबईला आणि चेन्नईला उघडली. अ‍ॅमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबईला उघडले आणि २०२२ साली हैदराबादला. १९५६ पर्यंत आमचा परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता आणि महत्त्वाचे कागद तिकडे जात. आता पुन्हा जाऊ लागले म्हणायचे. इतिहासाला अशा चेष्टा करायची सवयच आहे.

आता द्वारपाल. त्याचे खरे नाव लोड बॅलन्सर. आमच्या भागात 'लोड' हा शब्द लोक ओळखतात तो 'शेडिंग' या शब्दाच्या सोबतीनेच, त्यामुळे या नावाने गावात माझ्याविषयी थोडा संशय निर्माण होतो. दिवे जाण्याशी माझा संबंध नाही, हे मी इथे नमूद करून ठेवतो.

लग्नाचा मांडव डोळ्यांपुढे आणा. तीन पंगती मांडल्या आहेत, प्रत्येकीला वाढपी निराळे. पाहुणे मात्र एकाच दारातून येतात आणि मोकळे सोडले तर सगळे पहिल्याच पंगतीवर कोसळतात. म्हणून दाराशी कोणी तरी जाणते मामा उभे असतात. "तुम्ही इकडे या, तुम्ही तिकडे बसा, लेकुरवाळ्या त्या बाजूला." मामा स्वतः वाढत नाहीत, जेवत तर सगळ्यांत शेवटी. पण मामा नसले तर एका पंगतीत पाने कमी पडतात आणि दुसरीत वाढपी हात बांधून उभे राहतात. लोड बॅलन्सर हे या मामांचे काम करतो. आपण फोनवर रेल्वेचे तिकीट काढतो किंवा मुलाचा निकाल पाहतो, तेव्हा आपली विनंती आधी त्याच्यापाशी जाते, आणि मागे उभ्या असलेल्या संगणकांपैकी ज्याला फुरसत आहे त्याच्याकडे तो ती वळवतो. २८ एप्रिल २०२१ ला दुपारी चार वाजता अठरा वर्षांवरील सर्वांसाठी कोविडच्या लशीची नोंदणी सुरू झाली आणि त्या एका दिवसात एक कोटीहून अधिक नावे नोंदली गेली. घरोघर लोक फोनवर अंगठा धरून बसले होते, ते आठवत असेल. अशी गर्दी कोणी एकटा संगणक झेलू शकत नाही. तिच्या दाराशी मामा हवेतच.

मामांची आणखी एक खुबी आहे, आणि ती मला फार आवडते. मामा मधूनमधून पंगतीकडे वळून ओरडतात, "भात आहे का रे?" आतून "आहे" असे उत्तर आले तर माणसे पाठवतात; उत्तर आले नाही तर ती पंगत सोडून देतात. अ‍ॅमेझॉनने २०१६ साली आणलेल्या नव्या जातीच्या बॅलन्सरची, तुम्ही काही वेगळे सांगितले नाही तर, ठरलेली रीत अशी असते: दर ३० सेकंदांनी मागच्या प्रत्येक संगणकाला हाक मारायची, ५ सेकंद उत्तराची वाट पाहायची, लागोपाठ दोनदा उत्तर आले नाही तर त्याच्याकडे माणूस पाठवायचा नाही. आणि एकदा असा विश्वास गेला की तो परत मिळवायला लागोपाठ पाच वेळा नीट उत्तर द्यावे लागते. जाताना दोन चुका पुरतात, येताना पाच पुरावे लागतात. सासरच्या माणसांची आठवण होते.

मोठ्या संस्थेत असे मामा शेकड्यांनी असतात. कोणी २०१२ साली उभा केलेला, कोणी काल. ज्याने उभा केला तो नोकरी सोडून गेलेला. मामा मात्र उभेच, कारण त्यांना जा असे कोणी सांगितलेले नसते. आणि ते फुकट उभे राहत नाहीत. अ‍ॅमेझॉनच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या केंद्रात अशा एका बॅलन्सरचे भाडे तासाला सव्वादोन सेंट पडते. काम असो वा नसो, महिन्याचे सोळा-साडेसोळा डॉलर झालेच. वरच्या साहेबांनी बिल पाहिले की खाली आमच्याकडे निरोप येतो: आपले किती मामा आहेत, कुठे आहेत आणि काय करतात, ते मोजून सांगा.

हाताने मोजायचे तर एकेक खाते, एकेक शहर उघडून पाहावे लागते, आणि तोवर पाच नवे उभे राहतात. म्हणून या कामाला हत्यार असते. मी वापरतो त्याचे नाव अ‍ॅन्सिबल. मायकेल डीहान या अमेरिकन गृहस्थाने ते २०१२ साली केले. पण हा शब्द उर्सुला ली ग्विन या लेखिकेचा. तिने १९६६ सालच्या एका कादंबरीत तो योजला. कितीही दूरच्या ताऱ्यावरच्या माणसाशी क्षणात बोलता येईल असे ते कल्पनेतले यंत्र होते. १९६६ याच वर्षाचा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम आमच्या घरात देव्हाऱ्याच्या शेजारच्या कोनाड्यात असे, त्यामुळे मला या योगायोगाची गंमत वाटते. तिकडे एक बाई ताऱ्यांशी बोलण्याचे साधन कल्पीत होत्या आणि इकडे कोणी तरी तलाठ्याची कर्तव्ये कलमांत बसवीत होते.

हत्याराची रीत साधी आहे. एका कागदावर लिहायचे: अमुक खात्यात जा, अमुक शहराच्या केंद्रात जा, अमुक जातीचे बॅलन्सर विचार. ते जाते आणि उत्तर घेऊन येते: नाव, पत्ता, जन्मतारीख, कोणत्या दाराशी उभा आहे, मागे संगणक किती, त्यांतले जागे किती. बदल मात्र कशातही करीत नाही. २०१९ पर्यंत या विचारपूस करणाऱ्या भागांच्या नावापुढे 'फॅक्ट्स' असे असे. त्या वर्षी त्यांतल्या पुष्कळांचे 'इन्फो' केले. कारण तांत्रिक होते: फॅक्ट्स हे नाव प्रत्यक्ष संगणकाविषयीच्या हकिकतीला राखून ठेवायचे ठरले होते. पण मला त्यात एक नम्रता दिसते. दुरून विचारून मिळते तिला वस्तुस्थिती म्हणू नये, माहिती म्हणावे. सरकारनेही अलीकडे तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी असे नाव दिले आहे. त्यात कोणती नम्रता आहे, हे मात्र मला अजून सापडलेले नाही.

आमचे बाबा तलाठी होते. त्यांच्या वेळी तलाठीच म्हणत आणि म्हणताना आवाज थोडा खाली येत असे. त्यांच्या सज्जात चार-पाच गावे होती. सायकलच्या दांडीला वह्यांची पिशवी अडकवून ते हंगामात पीकपाहणीला निघत. पीकपाहणी म्हणजे कोणत्या गटात काय उभे आहे हे डोळ्यांनी पाहून गाव नमुना बारामध्ये लिहायचे. सात-बारा या जोडनावातला बारा तो हाच. पाहणी चावडीत बसूनही होऊ शकते. गेल्या वर्षीची वही उघडायची, कापूस होता तिथे कापूस लिहायचा, ज्वारी होती तिथे ज्वारी. दोन दिवसांत गाव उरकते आणि उन्हात पाय भाजत नाहीत. बाबांना ही युक्ती ठाऊक नव्हती असे नव्हे. ते म्हणत, "वही पाहून वही लिहायची तर तलाठी कशाला? नक्कल करणारा ठेवावा."

त्यांचे काही नियम होते. ते कुठे छापलेले नव्हते. बांधावर गेल्याशिवाय रकाना भरायचा नाही. माणूस राहतो त्या गावावर जायचे नाही, जमीन आहे त्या शिवारात जायचे; बोरीत राहणाऱ्याची चार एकरे शेजारच्या शिवारात असतात आणि त्याला घरी विचारले तर तो सगळी बोरीतलीच सांगतो. पाहणीला गेलेल्याने हुरड्याचे कणीससुद्धा मोडायचे नाही. आणि सगळ्यांत कडक नियम 'पडीक' या शब्दाविषयी. हा शब्द लिहिण्याआधी बाबा दोनदा येत. बायका नवीन मंगळसूत्राची जितकी खात्री करून घेतात तितकी ते पडीक जमिनीची करून घेत. लहानपणी मला याचे हसू येई. एवढ्या तीन अक्षरांत काय आहे?

तीन अक्षरांत पुष्कळ असते. गारपिटीची भरपाई आली, कर्जाचा कागद झाला, खरेदीच्या केंद्रावर कापूस न्यायचा झाला, की पहिली मागणी होते ती त्या रकान्याची. शेतात उभे पीक असले तरी कागदावर पडीक असेल तर माणूस कागदाशी भांडू शकत नाही. मराठवाड्यातल्या १९५४ सालच्या खासरा पाहणीचे कागद आजही जमिनीच्या वादांत पुढे केले जातात. ज्याने ते लिहिले तो गेला, ज्याचे लिहिले तोही गेला, पण रकाना बोलतोच आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकरी स्वतःच फोनवरून ई-पीक पाहणी करू लागला. बाबा या नव्या पद्धतीला नावे ठेवतील अशी माझी अटकळ होती. त्यांनी फक्त एकच विचारले, "फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो का?" हो म्हटल्यावर म्हणाले, "मग बरं हाय."

२०२४ च्या दिवाळीला मी वसुबारसेच्या दिवशी, २८ ऑक्टोबरला, बोरीला पोचलो. येताना काम बरोबरच आणले होते, कारण हल्ली काम पिशवीत मावते. पुण्याहून निरोप असा होता: ज्या बॅलन्सरकडे गेल्या तीन महिन्यांत एकही विनंती आली नाही, त्यांची यादी करा, सुटी लागण्याआधी ते काढून टाकू. रात्रीची जेवणे झाल्यावर मी ओसरीवर बसलो. आत आईच्या चकलीच्या सोऱ्याचा आवाज चालला होता. शेजारी बाजेवर बाबा पडले होते. झोपलेले दिसत होते; पण निवृत्त तलाठ्याची झोप फार खोल नसते.

"काय मोजायलास एवढं?"

मी सांगितले.

"किती निघाले?"

"मुंबईत १७१."

"अन् मुंबईच्या बाहेर?"

मला हसू आले, कारण दुसरी फेरी त्याच वेळी चालली होती. हत्याराला मुंबई सांगितली की ते मुंबईच पाहते. शेजारी आग लागलेली असली तरी ते मान वळवीत नाही. तसेच जातीचे. अ‍ॅमेझॉनचा बॅलन्सर पहिल्यांदा आला २००९ साली. नवी जात आली २०१६ साली. नव्या जातीची चौकशी करणारा भाग जुन्याला ओळखत नाही, त्याची चौकशी निराळी. आणि मुंबईचे केंद्रच २०१६ चे, म्हणजे त्याआधी आपल्या इकडच्या पुष्कळ संस्था २०१० साली उघडलेल्या सिंगापूरच्या केंद्रात जागा घेत. शिवार दुसरे, वाण जुने. तिथे मला आणखी बारा मिळाले. एकूण १८३.

तीन महिन्यांत माशी न बसलेले अकरा निघाले. दहा ओळखीचे होते: कोणा प्रयोगाचे, कोणा रद्द झालेल्या कामाचे. त्यांच्या मागचे संगणक केव्हाच बंद झालेले. रिकाम्या मांडवाच्या दाराशी मामा उभे. अकरावा मात्र चमत्कारिक होता. सिंगापूरचा, जुन्या जातीचा, २०१५ साली उभा केलेला. नावावरून काही बोध होत नव्हता. मालकाचा रकाना कोरा. विनंत्या शून्य. पण त्याच्या मागे तीन संगणक होते आणि तिन्ही जागे! बॅलन्सर दर ३० सेकंदांनी हाक मारीत होता आणि तिघेही "आहे, आहे, आहे" म्हणत होते. दिवसाला २८८० हाका. पंगत मांडलेली, भात वाफाळतो आहे, वाढपी कंबर कसून उभे. आणि तीन महिन्यांत पाहुणा एकही नाही.

निरोपाच्या हिशेबाने त्यालाही काढायचे होते. इथे वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या धंद्यात काही चलाख मंडळी एकाच कागदावर दोन्ही लिहून ठेवतात: मोज, आणि जो रिकामा दिसेल तो लगेच काढून टाक. रात्री लावून झोपले की सकाळी सगळे साफ. मला हे पसंत नाही. पाहणी आणि जप्ती एकाच माणसाच्या हाती, तीही एकाच फेरीत, कोणत्याही राज्यात चांगली नाही. मी मोजणीला जाताना जी चावी वापरतो तिला फक्त पाहण्याची मुभा असते; मनात आले तरी मला कणीस मोडता येत नाही. बॅलन्सर काढून टाकला की त्याचा पत्ताही जातो. त्याच नावाचा दुसरा उभा केला तरी त्याला नवाच पत्ता मिळतो. घर पाडल्यावर उंबरा शिल्लक राहत नाही, तसे.

बाबा उठून बसले होते. त्या अकराव्याची हकिकत मी त्यांना सांगितली. त्यांनी सगळी ऐकली आणि विचारले, "तीन महिने म्हणजे कोणते?"

"ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर."

"मे महिन्यात बोरीच्या शिवारात पाहणीला जा. सगळं पडीकच लिहून येशील."

एवढे बोलून ते पाणी प्यायला आत गेले. मी ओसरीवर राहिलो. बॅलन्सर आज काय आहे एवढेच माझे हत्यार सांगते. काल काय होता ते त्याला विचारूनही उपयोग नसतो. पण दर तासाला किती विनंत्या आल्या याची नोंद अ‍ॅमेझॉनकडे निराळ्या वहीत असते आणि ती पंधरा महिने टिकते. नंतर पुसली जाते. मी ती वही काढली. जुलै २०२३ पासून रेघ सपाट. ऑगस्ट सपाट, सप्टेंबर सपाट, ऑक्टोबर सपाट. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला ती उठली, महिनाभर डोंगरासारखी उभी राहिली, महिनाअखेर उतरली, डिसेंबरात थोडी शेपटी, आणि मग पुन्हा दहा महिने सपाट. ऑक्टोबरच्या अखेरीस मागे पाहिले तर पंधरा महिन्यांत नोव्हेंबर एकच बसतो. तो एक होता म्हणून दिसला.

बाबा तांब्या घेऊन परत आले आणि माझ्या खांद्यावरून त्यांनी ते चित्र पाहिले. त्यांना संगणकाचे काही कळत नाही. पण त्यांना तो डोंगर माझ्याआधी ओळखू आला.

"हे तर हयातीच्या दाखल्याचं दिसतंय."

निवृत्त माणसाचे वर्ष चैत्रात किंवा जानेवारीत सुरू होत नाही, ते नोव्हेंबरात सुरू होते. त्या महिन्यात आपण जिवंत आहोत असे सरकारला कळवावे लागते. नाही कळवले तर पुढे निवृत्तिवेतन थांबते. पूर्वी बँकेत जाऊन यादीतल्या नावापुढे सही करीत. १० नोव्हेंबर २०१४ ला केंद्र सरकारची 'जीवन प्रमाण' ही व्यवस्था सुरू झाली आणि बोटाच्या ठशावर काम होऊ लागले. २०२१ पासून चेहरा दाखवूनही होते. बाबा अजून सही करायलाच जातात. ठशाला त्यांची हरकत नाही, पण सही करायला गेले की जुने चार सोबती भेटतात, आणि कोण भेटले नाही हेही कळते.

तो बॅलन्सर आमच्या एका ग्राहक संस्थेचा होता आणि त्या संस्थेतून निवृत्त झालेल्यांना वेतन तीच देते, एवढे खात्याच्या नावावरून कळत होते. दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. सकाळी अभ्यंगाच्या गडबडीतच मी तिथल्या एका जुन्या कारकुनांना फोन लावला. ते स्वतः निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते आणि आवाजावरून फराळाच्या ताटावर. त्यांना एका वाक्यात सगळे कळले. २०१५ साली निवृत्तांना जी पत्रे गेली त्यांवर दाखला पाठवायचा पत्ता छापला होता. पुढे मुंबईत नवी व्यवस्था झाली, नवा पत्ता झाला, तोच सगळीकडे जाहीर झाला. नव्या मंडळींनी तो घेतला. पण ज्यांनी ते जुने पत्र घडी घालून पासबुकात ठेवले, ते दर नोव्हेंबरला ते उघडतात, नातवाला हाक मारतात आणि अक्षर अक्षर वाचून दाखवतात. नातू टाइप करतो. ती वाट सिंगापूरला जाते. म्हणून ते तीन संगणक वर्षभर भात गरम ठेवून उभे असतात.

"तो पत्ता बंद झाला तर?" मी विचारले.

"तर काय," ते म्हणाले, "म्हातारी माणसं. डिसेंबरात पैसे आले नाहीत की जानेवारीत विचारतील. काही जण विचारणारही नाहीत, मुलांवर भागवतील."

त्या दुपारी मी यादी पाठवली. दहा नावांपुढे 'काढण्यास हरकत नाही' असे लिहिले. अकराव्यापुढे एक जादा रकाना केला आणि त्याला बाबांच्या नमुना बारातले नाव दिले: शेरा. त्यात काय लिहावे यावर मी थोडा घुटमळलो. पुण्याच्या माझ्या सहकारिणीला लांब टिपण पाठवले असते तर तिने ते वाचले असते, पण पुढच्या वर्षी मोजायला येणाऱ्याला ते सापडले नसते. बॅलन्सरला चिठ्ठी चिकटवता येते. तिला टॅग म्हणतात. ती चिठ्ठी पुढच्या पाहणीत आपोआप यादीबरोबर येते. माझ्या चावीला ती चिकटवण्याची मुभा नव्हती, म्हणून मी तिला शब्द कळवले. ती मूळची नागपूरची. तिने ते देवनागरीतच चिकटवले. 'पडीक नाही. हंगाम: नोव्हेंबर.'

दहा बॅलन्सर बुधवारी गेले. त्याने बिल फार उतरले असे नाही, पण उतरले. जुन्या पत्त्यावर येणाऱ्यांना मुंबईच्या दाराशी नेऊन सोडायची व्यवस्था पुढच्या उन्हाळ्यात, रान मोकळे असताना करायची, असे ठरले.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला, शुक्रवारी होते. घरात वह्या, लाह्या-बत्तासे, झेंडूची फुले, आत्याची लगबग. पूजेला अवकाश होता तेवढ्यात मी सिंगापूरची रेघ उघडली. रात्रभर शून्य होते. सकाळी सहा ते सातच्या रकान्यात पहिल्यांदा आकडा दिसत होता. मग आठच्या पुढे थोडे. मी बाबांना सांगितले, पहिला माणूस सहाच्या सुमारास आला.

"सहालाच उठणारा असणार," ते म्हणाले. समईची वात सारता सारता त्यांनी जरा विचार केला. "आज-उद्या लोक फराळात असतील. सोमवारी बघ."